आमची वाटचाल : मुनव्यांकडून बाटलीतल्या रोपांकडे

रावेर तालुक्यात केळी लावायची म्हणजे कुणाच्या तरी बागेतून मुनवे, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी कंदातून फुटणारी पिल्ले, आणायचे. त्यांच्याबरोबर सोंडकिडा, सूत्रकृमी आणि विषाणूही यायचे, फुकटात. कंद लहान-मोठे, त्यामुळे बाग पुढेमागे निसवायची (घड टाकायची) आणि कटाई महिनोन्‌महिने लांबायची. ग्रँड नैन या जातीची टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, रोपे आली आणि हे बदलले. बाग एकदम कापणीला येऊ लागली, म्हणून तर इथला माल तेरा-चौदा अंश तापमानाच्या कंटेनरमधून आखाती देशांत जातो.

आमच्या रोपवाटिकेची सुरुवात प्रयोगशाळेने नाही, शेडनेटने झाली. दुसऱ्यांच्या लॅबमधली बोटभर रोपे आणून पिशवीत वाढवायची. बाटलीतल्या रोपाला ऊन-वारा ठाऊक नसतो, पानावर मेणाचा थरही जेमतेम. सुरुवातीला हवेत ओलावा राखला नाही तर ट्रेच्या ट्रे माना टाकतात.

पुढे स्वतःची छोटी लॅब उभी केली. निरोगी झाडाच्या मुनव्याचा शेंडा काढायचा, पोषक माध्यमात वाढवायचा, फुटवे वेगळे करून पुन्हा वाढवायचे. एकाच शेंड्यापासून हवी तेवढी रोपे काढत बसण्याचा मोह आवरणे, हाच या धंद्यातला कस. फेऱ्या वाढल्या की बुटकी, विजोड रोपे जास्त निघतात आणि शेतकऱ्याला ते लागवडीनंतरच कळते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये अशा रोपांच्या प्रमाणनाची व्यवस्था सुरू केली. विषाणू तपासणीला खर्च येतो, पण ती टाळून स्वस्त रोप विकणाऱ्याशी आम्ही भावात स्पर्धा करत नाही.

‘ही रोपे जीएम (जनुक बदललेली) आहेत का?’ असे गिऱ्हाईक हमखास विचारते. नाहीत. जनुक बदललेल्या केळीला ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये मान्यता दिली, ती मातीतल्या बुरशीने होणाऱ्या पनामा मर रोगाच्या टीआर-४ या प्रकाराला तोंड देण्यासाठी. आमचे रोप स्वच्छ असते, मर-प्रतिकारक नव्हे, आणि हे बुकिंग घेतानाच सांगतो. याच रोगाच्या जुन्या प्रकाराने निर्यातीतली ग्रॉस मिशेल जात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपवली. तिच्या जागी आलेल्या कॅव्हेंडिश गटातलीच आपली ग्रँड नैन. टीआर-४ बिहारात पोहोचलेला आहे. मुनवे आणि माती इकडून तिकडे नेणे थांबवा, असे आम्ही मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन्ही लागवड हंगामांच्या आधी प्रत्येकाला बजावतो.

गंमत म्हणजे, आम्ही उपटून फेकतो तसल्या विजोड रोपांतूनच तैवानच्या संशोधकांनी टीआर-४ बऱ्यापैकी सोसणारी कॅव्हेंडिश निवडून काढली.