एकच शब्द, तोही नकाराचा

अमेरिकी विनोदी दिग्दर्शक मेल ब्रूक्स यांनी १९७६ साली ‘सायलेंट मूव्ही’ काढला, तेव्हा हॉलिवुडमध्ये बोलपट रुळून जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. तरीही त्यांनी पडद्यावरच्या पाट्या, जॉन मॉरिस यांचे संगीत आणि धडपडणारी, आपटणारी माणसे यांवरच सारी भिस्त ठेवली. बुडत्या स्टुडिओला तारण्यासाठी मूकपट काढू पाहणारा दिग्दर्शक दोन सोबत्यांसह नामवंत कलावंतांना गळ घालत फिरतो, एवढीच कथा. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मार्सेल मार्सो यांचा प्रसंग. मूकाभिनयात हयात घालवलेला हा फ्रेंच कलावंत जणू सोसाट्याच्या वाऱ्याशी झुंजत, एकेक पाऊल रेटत फोनपर्यंत पोहोचतो, रिसीव्हर कानाला लावतो आणि अख्ख्या चित्रपटातला एकमेव शब्द उच्चारतो: ‘नॉन!’, म्हणजे ‘नाही!’