उतरणीला लागलेलं वादळ

आम्हा हौशी हवामानवेड्यांमध्ये पदवी कुणाकडेच नाही, मत मात्र प्रत्येकाकडे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेक्सिकोच्या आखातात 'मिल्टन' हरिकेन फोफावत होतं, तेव्हा आम्ही त्याच्या डोळ्यावर, म्हणजे मधल्या शांत भागावर, डोळ्यांत तेल घालून पहारा देत होतो.

"डोळा बघा किती गोल झालाय! पाचवी श्रेणी नक्की," एकाने छातीठोकपणे सांगितलं. पाचवी म्हणजे सगळ्यात वरची. दुसऱ्यांना त्याच उपग्रहचित्रात ढग विरळ दिसले. "कोरडी हवा घुसतेय. लागलं उतरणीला." हे गृहस्थ प्रत्येक वादळाला दर तीन तासांनी उतरणीला लावतात. कधीतरी बरोबर ठरणारच!

निकाल शेवटी विमानाच्या हातात. वादळात शिरलेलं विमान छोट्या पॅराशूटला बांधलेली एक नळी खाली सोडतं. ड्रॉपसोंड म्हणतात तिला. समुद्रात पडेपर्यंत ती बिचारी दाब, तापमान, वारा कळवत राहते. दाब जितका कमी, तितकं वादळ जोरदार. मिल्टनच्या डोळ्यातला दाब ९०० मिलिबारच्याही खाली गेल्याचं कळलं आणि मी "बाप रे!" म्हणालो. त्यात भीतीपेक्षा आनंदच जास्त होता, हे मला नंतर बरंच खुपलं. तिकडे फ्लोरिडात लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते.

मग उतरणीवाल्यांचे दिवस आले. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीबाहेर ढगांचं दुसरं कडं तयार झालं. असं बाहेरचं कडं आतल्या भिंतीची रसद तोडतं. वारा मंदावतो, पण वादळ ऐसपैस पसरतं. मिल्टन एकदा उतरलं, पुन्हा पाचव्या श्रेणीत चढलं आणि फ्लोरिडाच्या 'सिएस्टा की' बेटावर धडकलं तेव्हा तिसऱ्या श्रेणीत होतं. "बघा, म्हटलं नव्हतं?" पण ही श्रेणी ठरते फक्त वाऱ्यावर, उधाण आणि पाऊस तिच्या हिशेबातच नाहीत. २००५ चं महाविनाशी कतरिना हरिकेन लुईझियानात शिरलं, तेही तिसऱ्याच श्रेणीत.

एवढ्यावर ते गप्प बसतील म्हणून मी जुन्या अँड्र्यू हरिकेनचा विषय काढला. १९९२ मध्ये तो चौथ्या श्रेणीत फ्लोरिडावर आदळल्याची नोंद झाली. मायामीच्या हरिकेन केंद्राने सगळं पुन्हा तपासून २००२ मध्ये त्याला पाचवी श्रेणी दिली. तज्ज्ञांनाही दहा वर्षं लागली!

गृहस्थांनी मनातल्या मनात बेरीज केली. "म्हणजे मिल्टनवर २०३४ पर्यंत भांडता येईल," ते म्हणाले आणि पुढचं चित्र उघडून बसले.