उलटी चादर, उलटा कॅप्टन

एप्रिलच्या दुपारी सोलापुरात पंखासुद्धा गरम हवाच ढकलतो. अशा वेळी नजर अंगाखालच्या चादरीवरच्या मोरावर जाते. जरा जवळून बघितलं की कळतं, मान गोल नाहीच, पायऱ्या-पायऱ्यांची आहे. नक्षी मुळात चौकटीच्या कागदावरची, दुसरं काय होणार? मागावर दर आडव्या धाग्याला जेकार्डचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राचा, भोकं पाडलेला एक पत्ता. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक पत्ता मागेपुढे शिवला गेला की मोराची मान मोडलीच.

जुन्या धर्तीच्या व्हिडिओ गेमचंही तेच. टेरी कॅव्हानाचा २०१० सालचा ‘व्हीव्हीव्हीव्हीव्हीव्ही’ घ्या. (उच्चार करायच्या भानगडीत पडू नये. सहा व्ही, सहा खलाशी, सहाही नावं व्हीवरून.) पडदा ३२० बाय २४० ठिपक्यांचा. जहाज बिघडतं, माणसं पांगतात, कॅप्टन एकेकाला शोधून आणतो. दोन-तीन तासांत खेळ खलास. कॅप्टनचा चेहरा म्हणजे डोळ्यांचे दोन ठिपके आणि हसरं तोंड. काट्यावर आपटला की तेच तोंड खाली वळतं, आणि इतक्याशा ठिपक्यांत पोटात कालवतं.

या कॅप्टनला उडी मारता येत नाही. बटण दाबलं की गुरुत्वाकर्षण उलटतं आणि तो छताला पाय लावून चालतो. पाय टेकल्याशिवाय पुन्हा उलटता येत नाही. हवेत फक्त डावं-उजवं. मारिओवर वाढलेला अंगठा नेमका इथे फसतो: घाबरून हवेतच दुसऱ्यांदा दाबतो, काही होत नाही, खाली काटे. तोच अंगठा गेमच्या कॅसेटला फुंकर मारायच्या पिढीचा. कॅसेट चालायची ती काढून परत बसवल्यामुळे. फुंकरीतल्या ओलाव्याने पट्ट्या उलट खराब व्हायच्या. पण हे कुणाला सांगता?

एका जागी समोर इवलासा ठोकळा आहे, पलीकडे चमकता दागिना. पोरगंसुद्धा ओलांडेल असला ठोकळा, पण उडी नाही ना! म्हणून काट्यांमधून पडद्यामागून पडदे वर जायचं, आणि वरच्या छताला टेकून पुन्हा तेवढंच खाली, ठोकळ्याच्या पलीकडच्या बाजूला. काटा चाटला की पुन्हा पहिल्यापासून. फारच जीव काढला तर सेटिंगमध्ये वेग कमी करता येतो, त्यात लाज कसली.

चादरीची मागची बाजूही तशीच. इकडे लाल मोर, तिकडे पांढरा. चुरगळलीय आता, झटकून उलटी अंथरावी म्हणतो.