तीन शनिवार, सात ठोकळे आणि आमचं गॅरेज : पाइनवुड डर्बीचा माझा अनुभव

मागच्या वर्षीची डर्बी, म्हणजे स्काउटच्या लहान मुलांनी केलेल्या छोट्या लाकडी गाड्यांची शर्यत, माझ्या डोक्यातून जात नव्हती आणि त्याचं कारण माझ्या मुलाची गाडी नव्हती. त्याच्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाची गाडी उतारावरून बरी आली आणि पुढे सपाट भागात हळू होत होत थांबलीच, फिनिश लाइनच्या चार-पाच फूट अलीकडे. आमच्याकडे ट्रॅकला चार लेन आहेत आणि प्रत्येक गाडी प्रत्येक लेनवर एकदा धावते, म्हणजे कुणाला लेनचा फायदा-तोटा नको म्हणून, पण त्यामुळे त्या पोराला हे चार वेळा बघावं लागलं. चौथ्या वेळेला तो ट्रॅककडे बघतच नव्हता, खाली मान घालून बुटाच्या लेसशी खेळत होता. नंतर कळलं की आई हॉस्पिटलात रात्रपाळी करते, आजोबा स्कूल बस चालवतात, घरात स्क्रूड्रायव्हर सोडून काही हत्यार नाही आणि गाडी त्याने एकट्याने केली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इथे अमेरिकेत कब स्काउट म्हणजे केजी ते पाचवीची मुलं. प्रत्येकाला एक किट मिळतं, त्यात सात इंच लांब पाइनचा ठोकळा, चार प्लॅस्टिकची चाकं आणि अ‍ॅक्सल (चाकाचा आस) म्हणून चार खिळे. बास. इंजिन नाही, बॅटरी नाही, उतारावर सोडायची आणि जी पहिली येईल ती. वजन पाच आउन्सच्या वर नको, म्हणजे साधारण १४२ ग्रॅम. सगळा खेळ तीन-साडेतीन सेकंदांचा, पण त्या तीन सेकंदांसाठी काही घरांत आठवडेच्या आठवडे काम चालतं आणि काही घरांत ठोकळ्याला नुसता रंग लावून खिळे ठोकले जातात. मुलं एकाच वयाची, ठोकळा एकच, आणि फरक फक्त घरात कुणाला करवत धरता येते की नाही याचा, हे मला पटत नव्हतं.

माझ्या बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं, मी शाळेतून आले की तिथेच कानस चालवायला शिकले, त्यामुळे हत्याराची भीती मला कधी वाटली नाही. म्हणून यंदा नोव्हेंबरातच कबमास्टरना, म्हणजे मुलांच्या गटाच्या प्रमुखांना, सांगून टाकलं की जानेवारीतले तीन शनिवार आमचं गॅरेज उघडं, ज्याला यायचंय त्याने ठोकळा घेऊन यावं. स्काउटिंगचा नियम आहे की मुलांसोबत कमीत कमी दोन नोंदणी केलेली मोठी माणसं हवीतच, तर एक डेन लीडर, म्हणजे गटातल्या छोट्या तुकडीच्या प्रमुख, तिन्ही वेळा पूर्ण थांबल्या. मुलं आली सात, माझा मुलगा धरून.

पहिला शनिवार कापण्याचा. आधी प्रत्येकाने कागदावर गाडी काढायची, कागद ठोकळ्याला चिकटवायचा आणि मग बँड सॉवर मी कापणार, कारण एवढ्या लहान मुलांना मशीनची करवत वापरू द्यायची नाही हा नियमच आहे आणि तो बरोबर आहे. बाकी सगळं, म्हणजे कानस, पॉलिश पेपर, रंग, त्यांनीच. आणि इथे मला स्वतःला फार आवरावं लागलं. एका मुलीला कलिंगडाची फोड हवी होती, तिची रेघ वाकडी होती, मी ती सरळ करून कापायला निघाले आणि ती म्हणाली ती रेघ तशीच आहे. मग तशीच कापली. तो लेसवाला मुलगाही आला होता, त्याला आजोबांची बस करायची होती, पिवळी. आता बस म्हणजे जवळजवळ अख्खा ठोकळा, कापायला काही नाहीच, पण मग लाकडातच इतकं वजन जातं की हवं तिथे वजन टाकायला जागा उरत नाही. त्याला मी पाचरीचा आकार दाखवला, पुढे पातळ मागे जाड, तो वेगाला चांगला असतो. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, बस. मग आम्ही बस उलटी करून पुढचा भाग खालून पोखरला, भोकं मी पाडली आणि आतलं लाकूड त्याने पटाशीने काढलं, तास-दीड तास, आजोबा शेजारी टॉर्च धरून उभे.

रंग वाळेपर्यंत मुलांना मी डर्बीची गोष्ट सांगितली. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाचे कबमास्टर होते, त्यांच्या मुलाला सोपबॉक्स डर्बीत भाग घ्यायचा होता, म्हणजे ज्यात मुलं स्वतः बसतात त्या गाड्यांची शर्यत, पण त्याचं वय बसत नव्हतं, म्हणून त्यांनी हा छोट्या गाड्यांचा खेळ काढला. बसवाल्या मुलाने विचारलं, मग तो मुलगा जिंकला का? मला उत्तर माहीत नव्हतं.

दुसरा शनिवार खिळ्यांचा आणि माझ्या मते सगळी शर्यत इथेच असते. किटमधला खिळा नीट बघा, डोक्याच्या खाली बारीक कंगोरे असतात, ते चाकाला आतून घासत राहतात. मागच्या वर्षी ती गाडी याच्यामुळेच थांबली होती, वजन कमी होतं ते वेगळं. खिळा ड्रिलच्या चकमध्ये धरायचा, ड्रिल मोठ्या माणसाने चालवायचं, मुलाने आधी बारीक कानशीने कंगोरे काढायचे आणि मग ओला पॉलिश पेपर, नंबर ४००, ६००, १०००, शेवटी सगळ्यात बारीक २०००. डोळ्यांना चष्मा आणि मोकळे केस बांधलेले, यात सूट नाही. २००० नंतर खिळा आरशासारखा चमकतो. मग चाकात ग्रॅफाइटची पूड घालून चाक फिरवत राहायचं, परत पूड, परत फिरव. सगळ्यांचे हात काळे, नाकं काळी, आमच्या फ्रिजच्या दारावर अजून दोन बोटं उमटलेली आहेत.

त्या रात्री जेवताना माझा मुलगा रडवेला झाला. म्हणाला, "आई, तू सगळ्यांना सगळं सांगितलंस, आता मी कसा जिंकणार?" मला पटकन काही बोलताच आलं नाही, कारण त्याचं चुकत नव्हतं, आईला जे येतं ते आपलं असं मुलाला वाटणारच. मी एवढंच म्हटलं की तुझे खिळे तू कुणाहीपेक्षा जास्त वेळ घासलेस, ते तर मी कुणाला दिले नाहीत ना? तो गप्प बसला, पटलं नव्हतं. पण तिसऱ्या शनिवारी कलिंगडवालीचं एक चाक अडकत होतं, तेव्हा मी काही सांगायच्या आधी तोच उठला, जुनं गिफ्ट कार्ड चाक आणि लाकडाच्या मधे घातलं आणि तेवढी फट ठेवून खिळा दाबायला तिला शिकवलं.

तिसरा शनिवार वजनाचा. टंगस्टन सगळ्यात चांगलं, छोट्या जागेत जास्त वजन, पण महाग. शिसं मी मुलांच्या हातात देत नाही, ते विषारी आहे. आम्ही पेनी, म्हणजे एक सेंटची नाणी, वापरल्या, १९८२ नंतरची पेनी बहुतेक जस्ताची असते आणि बरोबर अडीच ग्रॅम भरते, म्हणजे मुलांना बेरीजही करता येते. वजन मागे घालायचं, मागच्या अ‍ॅक्सलच्या साधारण इंचभर पुढे गाडी बोटावर तोलली गेली पाहिजे. सुरुवातीला गाडी उतारावर उभी असते तेव्हा मागचा भाग वर असतो, वजन तिथे असेल तर ते जास्त उंचावरून खाली येतं. पण फारच मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि गाडी डुलते. मग टेबलावर ढकलून बघायची, सरळ जाते की एका बाजूला ओढते, ओढत असेल तर खिळा थोडा फिरवून परत. बसला यातच चाळीस मिनिटं लागली.

शर्यतीच्या दिवशी वजनाच्या टेबलावर बस भरली ५.१ आउन्स. घरच्या काट्यावर पाच होती! त्याचा चेहरा बघून माझ्याच पोटात गोळा आला. पण मी मुद्दाम दोन पेनी शेवटी, सुटतील अशा बसवायला सांगितल्या होत्या, त्याने स्वतः एक काढली, ५.०, पास.

निकाल सांगायचा तर कलिंगड तिसरं आलं, माझा मुलगा चौथा, त्यांच्यात फरक सेकंदाच्या काही हजाराव्या भागांचा. तो घरी येईपर्यंत फारसा बोलला नाही, मीही काही समजावलं नाही.

बस मधेच कुठेतरी आली, नंबर मी लक्षातही ठेवला नाही. पहिल्या हीटला, म्हणजे फेरीला, तो मुलगा स्टार्टजवळ थांबलाच नाही, थेट फिनिश लाइनला जाऊन उभा राहिला, मागच्या वर्षी गाडी थांबली होती त्या जागेकडे बघत. बस तिथे आली, तिथून पुढे गेली, आणि लाइन ओलांडून शेवटच्या फोमवर आदळली. त्याने उडी वगैरे काही मारली नाही. मागे वळून त्याने आजोबांना शोधलं आणि चार बोटं दाखवली, अजून तीन हीट बाकी आहेत की चारही पूर्ण करणार, काय ते मला कळलं नाही, आजोबांना कळलं असावं, कारण त्यांनीही चार बोटं वर केली.

चारही पूर्ण झाल्या.