टेबलाखालचा पत्रव्यवहार

टेबलाखालून काही द्यायचं म्हटलं की लोकांना आधी पाकीट आठवतं. आमच्याकडे टेबलाखालून निरोप जातात, तेही शिसपेन्सिलीने लिहिलेले.

दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या अलीकडे, आम्ही नवरा-बायको लाकडी फर्निचर करतो. कार्डावर ‘डिझाइन स्टुडिओ’ असं छापलंय, पण जागा मुळात सासऱ्यांच्या गुरांची. त्यामुळे गावात आम्ही अजून ‘गोठ्यातले’च. कुरिअरवाल्याने स्टुडिओ विचारला की तो गावभर फिरतो, गोठा विचारला की दोन मिनिटांत दारात. आराखडे मी काढते, कापाकापी नवरा करतो, आणि आठवड्यातून तीन दिवस काका येतात. ते पिढीजात सुतार, आणि ह्या धंद्यातलं जे काही खरं आम्हाला येतं ते त्यांचंच.

रंधा मशीन चालू झालं की शेजारच्याचंही ऐकू येत नाही, आणि पावसात मोबाइलची रेंज समुद्रावर फिरायला जाते. मग हाताशी काय, तर समोरची फळी. पेन चालत नाही, पॉलिशच्या हाताखाली शाई फुटते. पेन्सिल मात्र लाकडावर अशी बसते की जणू तिथेच उगवली होती. ती कानामागे असते. निदान असायला हवी. आमच्याकडे महिन्याला डझनभर पेन्सिली लागतात आणि दोघांच्या मते त्या दुसराच हरवतो.

सुरुवातीला कामापुरत्याच खुणा असायच्या. चार फळ्या जोडून टेबलाचा वरचा भाग करायचा असेल, तर त्या शेजारी मांडून सगळ्यांवरून एक मोठा त्रिकोण काढायचा. मग फळ्या कितीही इकडेतिकडे झाल्या तरी त्रिकोण जुळवला की क्रम परत मिळतो. त्या त्रिकोणाच्या पोटात हळूहळू मजकूर शिरला. ‘गाठ आहे, ही कड भिंतीकडे.’ ‘स्क्रूची भोकं लांबट पाड, पुण्यात गेल्यावर आकसेल.’ हे शेवटचं माझं फार आवडतं वाक्य आहे. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, उभ्या रेषेत जवळपास नाही. इथल्या पावसात बसलेलं टेबल घाटावर गेलं की सूतभर तरी अंग चोरतंच. त्याला हलायला जागा ठेवली नाही, तर ते चिरून दाखवतं. मग ‘त्या कडेला तेल फिरवलंस का?’, मग ‘फिरवलं. चहा ठेव.’

भानगड आकड्यांची. काका सुतात मोजतात. आठ सुतांचा एक इंच, आणि सहा इंच चार सूत म्हणजे ते लिहिणार ‘६-४’. नवरा मिलिमीटरवाला. मी दोघांच्या मध्ये, म्हणजे सेंटिमीटरवर. एकदा एका कपाटाच्या खणांचं माप काकांनी फळीवर ‘६-४’ लिहिलं, मधली रेघ लाकडाच्या रेषेत मिसळली, आणि नवऱ्याने सरळ चौसष्ट मिलिमीटरचे दर्शनी तुकडे कापले. साडेसहा इंचांचा खण अडीच इंचांचा झाला. सगळे चार! त्यांतला एक आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यात काड्यापेट्या आणि विजेची बिलं मावतात, बाकी काही नाही. काका अजूनही तो उघडून बघतात आणि म्हणतात, “वैनी, खण झ्याक झालाय, फक्त आडवा पडलाय.”

लिहायला सगळ्यांत सुख फणसाच्या लाकडावर. नवं कापलेलं फणसाचं अंग हळदीसारखं पिवळं असतं, त्यावर काळी अक्षरं शाळेतल्या वहीसारखी उठून दिसतात. वर्षं जातात तसं ते तांबूस, मग तपकिरी होतं. आमच्याकडचा बहुतेक फणस ३ जून २०२० चा आहे. ‘निसर्ग’ चक्रीवादळात परड्यातलं मोठं झाड पडलं. चार माणसांच्या कवेत न मावणारं. त्या वर्षी इथे कोण काय मोजणार होतं, नारळी-पोफळी वेताच्या छड्यांसारख्या आडव्या झाल्या होत्या. महिनाभर ते झाड तसंच पडून होतं आणि सासूबाई त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. मग फळ्या पाडल्या, तोंडं चिरू नयेत म्हणून टोकांना रंग फासला, आणि मध्ये काठ्या घालून थप्पी लावली. इंचाला एक वर्ष वाळवायचं, असा काकांचा हिशोब. फळ्यांवर मी लिहून ठेवलं, ‘निसर्ग, परडं’. आता त्याच्या खुर्च्या होतात आणि सासूबाई प्रत्येक खुर्ची जाताना एकदा बसून बघतात.

मुद्दा असा की हा मजकूर पुसायचा कुणी. वरचं अंग घासून, पॉलिश करून आरशासारखं होतं. खालच्या अंगाला कीड लागू नये म्हणून तेलाचा एक हात फिरतो, पण घासायला मी एकदा सुचवलं तेव्हा काका म्हणाले, “खालनं रंधा मारला म्हणून गिऱ्हाईक खालनं पैसे देणाराय काय?” विषय संपला. तेव्हापासून आमच्या संसाराची टिपणं मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत पालथी पडून आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात आमचं मिठावरून भांडण झालं. नवरा दापोलीहून बिजागऱ्या, फेव्हिकॉल, भाजी, सगळं घेऊन आला, मीठ सोडून. मी म्हणाले, लिहिलं होतं. तो म्हणाला, लिहिलं नव्हतंस. तिन्हीसांजेला शेजारी वाटीभर मीठ मागायला गेले, तर तिथल्या आजींनी दिवेलागणीला मीठ देत नाहीत ते ऐकवलं आणि मग दिलं. पुढचे दोन दिवस गोठ्यात नुसतं मशीन बोलत होतं.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या एका बाईंचा फोटो आला. त्यांची पाच वर्षांची लेक नुकतीच अक्षरं लावायला शिकली आहे, आणि जेवणाच्या टेबलाखाली घर-घर खेळते. तिला तिथे पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी सापडलं. फोटोत टेबलाचं खालचं अंग, अजून पिवळटच, आणि माझं अक्षर: ‘मीठ संपलंय. विसरू नकोस.’ खाली बाईंनी लिहिलं होतं, “लेक विचारतेय, मग आणलं का?”

मी फोन नवऱ्यासमोर धरला. त्याने चष्मा लावला, फोटो मोठा केला, अक्षर नीट बघितलं.

“पण हे तू खाली लिहिलंस,” तो म्हणाला. “मी त्या दिवशी वरचं अंग घासत होतो.”