केसांच्या गोळीमागे लपलेला थायरॉइड : माझा अनुभव

लॅबच्या फॉर्मवर ‘चालू औषधे’ असा एक रकाना असतो. मी तीन वेळा रक्त द्यायला गेले आणि तिन्ही वेळा खिडकीतल्या मुलाने मला न विचारता तिथे रेघ ओढली. त्या रेघेपायी माझे चार महिने गेले. राग अजून उतरलेला नाही.

आठ महिन्यांत माझं वजन ६१ वरून ६८ किलो झालं. जेवण तेच, शाळेची नोकरी तीच, लोकमान्य नगरातलं संध्याकाळचं फिरणंही तेच. त्वचा कोरडी पडली, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा आणि इंदूरच्या भर मे महिन्यात मला पंख्याखाली थंडी वाजायची. डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली. टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारं संप्रेरक; थायरॉइड मंद झालं की ते वाढतं) २.४ आला. नॉर्मल.

मग सगळ्यांनी मलाच धरलं. सासूबाई म्हणाल्या, “पोह्यांवरची शेव कमी कर गं.” नणंद म्हणाली, “वहिनी, रात्रीचं सराफ्यात खायला जाणं बंदच करा.” शेव सोडली, जिलबी सोडली, वजन वाढतच राहिलं. दुसऱ्यांदा तपासलं तर टीएसएच २.१, आणि फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, वरच्या मर्यादेच्या जरा पुढे. लक्षणं मंद थायरॉइडची आणि आकडा उलटा! खिडकीवर विचारलं, “परत एकदा बघाल का?” उत्तर आलं, “मशीनचा रिपोर्ट आहे, मॅडम, चुकत नाही.” डॉक्टरांनी कागदावरून नजर वर न करता सांगितलं, “खाण्यावर ताबा ठेवा.” तिसऱ्यांदा माझे पैसे भरून तपासलं. पुन्हा नॉर्मल. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले, कारण आपणच नकळत जास्त खात असू असं मलाही वाटायला लागलं होतं.

मैत्रिणीने दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि माझ्या टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण जागेवर यायला रेंगाळलं. मंद थायरॉइडमध्ये असंच होतं. त्यांनी पुन्हा मारून बघितलं. मग विचारलं, “गोळ्या कोणत्या चालू आहेत?”
“काहीच नाही.”
“केसांसाठी, त्वचेसाठी काही?”

पर्समधून डबी काढली. केस गळतात म्हणून घेत होते : बायोटिन, १० मिलिग्रॅम. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, म्हणजे मी तीनशे पटींहून जास्त घेत होते. बऱ्याच मशीनमधल्या तपासणीत बायोटिनचाच डिंकासारखा वापर होतो. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसतो. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने) २०१७ मध्येच याचा इशारा दिला होता. बाईंनी गोळी आठ दिवस बंद करायला लावली. चौथा रिपोर्ट : टीएसएच २७.

आजार निघाला याचा आनंद होतो, हे तेव्हा कळलं.

पुढे फारसं काही अडलं नाही. थायरॉक्सिनची (थायरॉइडची उणीव भरून काढणारी) गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच. त्याआधी तपासून उपयोग नसतो, मी घाई करून बघितली होती.

वजन तीन किलोच उतरलं. थायरॉइडने वाढलेलं वजन बरंचसं मीठ-पाण्याचं असतं, बाकीचं त्याच्या माथी मारू नका, असं बाईंनी आधीच बजावलं होतं. आईच्या आजारपणात मी वर्षभर जेमतेम पाच तास झोपत होते. कमी झोपेने भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन घटतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. तेही मला आधी कुणी विचारलं नव्हतं.

हो, राहिलंच : बाबांचं वजन मधुमेहाची ग्लिमेपिराइड सुरू झाल्यावर वाढलं होतं. स्टेरॉइड, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट, नैराश्यावरची मिर्टाझपिन यांनीही वाढतं. पण तेवढ्यासाठी गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

आता रक्त द्यायला जाताना सगळ्या पट्ट्या आणि डब्या पिशवीत घालून नेते. गेल्या महिन्यात मुलाने पेन टेकवलं तेव्हा मी फॉर्म माझ्याकडे ओढला आणि तो रकाना स्वतः भरला.