बर्बनची चव नोंदवताना

बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीच्या, बाटलीवर आणि तिच्याविषयी लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात चवीची जी वर्णने आढळतात, ती वाचून मला नेहमी एकच शंका येते: लिहिणाऱ्याने नेमके काय प्यायले, हे यातून कळते का? जुने चामडे, तंबाखूचे पान, पावसात भिजलेली माती, भाजलेले सफरचंद अशी आठ-दहा नावे एका ओळीत येतात आणि थोड्या फेरफाराने तीच पुढच्या बाटलीलाही चालून जातात. अमेरिकेतील केंटकी राज्यात राहायला आल्यापासून ज्या मित्रमंडळींसोबत मी अधूनमधून बर्बन चाखायला बसतो, त्यांच्यात म्हणून एक रीत पडली आहे. चव जाणवली की तिचे नाव सांगायचे आणि ती धान्यातून आली असावी, यीस्टमधून, लाकडातून की गोदामाच्या उष्म्यातून, याचाही अंदाज तिथेच बांधायचा. अंदाज चुकला तरी कोणी हसत नाही, पण कारणाशिवाय सांगितलेली चव वहीत उतरत नाही.

हा आग्रह बर्बनच्या बाबतीत विशेष शोभतो, कारण अमेरिकेच्या कायद्याने या पेयात लपवाछपवीला फारच थोडी जागा ठेवली आहे. धान्यात किमान 51 टक्के मका हवा, ऊर्ध्वपातनानंतर अल्कोहोलचे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर असता कामा नये, पिंपात भरताना ते 62.5 टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, पिंप नवे, ओकचे आणि आतून जाळून कोळसा केलेले असावे आणि बाटलीत भरताना किमान 40 टक्के अल्कोहोल असावे. रंग किंवा स्वाद बाहेरून घालता येत नाही. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल मिसळण्याची मुभा असते, ती इथे नाही. ‘स्ट्रेट’ म्हणवून घ्यायचे तर निदान दोन वर्षे पिंपात मुरायला हवे, आणि मुरण्याचा काळ चार वर्षांहून कमी असेल तर तो लेबलवर छापावा लागतो. बर्बन केंटकीतच व्हावे अशी मात्र कुठेही अट नाही, अमेरिकेच्या कोणत्याही राज्यात ते बनवता येते. हे वाक्य इथल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर उच्चारण्याचा प्रसंग मी शक्यतो टाळतो. या सगळ्या नियमांचा चाखणाऱ्याच्या दृष्टीने अर्थ असा की पेल्यात जे काही जाणवते ते धान्य, यीस्ट, लाकूड आणि काळ यांच्यापैकीच कोणाचे तरी देणे असते.

धान्याचा फरक सर्वांत लवकर कळतो, म्हणून नवख्या पाहुण्याला आम्ही आधी मेकर्स मार्क आणि वाइल्ड टर्की 101 असे दोन पेले शेजारी शेजारी देतो. दोन्हींत मका बहुसंख्येने आहे, पण मेकर्स मार्कमध्ये दुसरे धान्य गहू आहे आणि वाइल्ड टर्कीमध्ये राय, हे गव्हासारखेच एक धान्य. गव्हाची व्हिस्की जिभेच्या पुढच्या भागावर मऊ, गोडसर उतरते आणि फारसा गाजावाजा न करता निघून जाते. रायची व्हिस्की मात्र घोट गिळल्यानंतर बोलू लागते: मिरी, थोडी दालचिनी, घशात ऊब आणि जिभेच्या कडांना चुरचुर. पाहुणा बहुधा पहिलीला ‘चांगली’ आणि दुसरीला ‘कडक’ म्हणतो. त्यातला काही वाटा अल्कोहोलचा असतो हे त्याला सांगावे लागते, कारण पहिलीत ते 45 टक्के आहे आणि दुसरीत 50.5. त्यामुळे वाइल्ड टर्कीत थोडे पाणी घालून तोच सामना पुन्हा खेळवला जातो, आणि चुरचुर कमी झाली तरी मिरी तिथेच आहे हे लक्षात आले की रायचे काम काय असते ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

लाकडाचा विषय मोठा आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे. पिंपाला लागणारा अमेरिकन पांढरा ओक आतून जाळला जातो तेव्हा पृष्ठभागावर कोळशाचा थर तयार होतो आणि त्याच्या मागे लालसर भाजलेला पट्टा राहतो. लाकडातील हेमिसेल्युलोज उष्णतेने फुटून साखरेसारखे घटक बनतात, त्यातून कॅरॅमल आणि काकवीची चव येते. लाकडातलेच लिग्निन फुटले की व्हॅनिलाचा गंध देणारे व्हॅनिलिन मिळते. युजेनॉल हे लवंगेतले द्रव्य ओकमध्येही असते, त्यामुळे बर्बनमध्ये लवंग सापडली म्हणणारा माणूस कल्पना लढवत नसतो. वाइल्ड टर्की सर्वांत खोल जाळलेली, चौथ्या क्रमांकाची पिंपे वापरते. मगरीच्या पाठीसारखा भेगाळलेला कोळसा म्हणून या जळिताला ‘ॲलिगेटर चार’ असे नाव आहे, यातला ‘चार’ हा जळिताचा इंग्रजी शब्द. मेकर्स मार्कची पिंपे एक पायरी कमी, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाची असतात. हा फरक समजल्यावर आमच्या वहीतील वाइल्ड टर्कीच्या नोंदी पुन्हा वाचल्या, तर ‘गुळाचा पाक जरा जास्त पुढे गेला आहे’ अशा अर्थाची वाक्ये त्यांत वारंवार आलेली दिसली.

ओकमधूनच येणारे आणखी एक द्रव्य म्हणजे लॅक्टोन, आणि त्याची ओळख आम्हाला मालवणकडच्या एका मित्राने करून दिली. पेला नाकाशी धरताच तो म्हणाला की यात ओल्या खोबऱ्याची वडी आहे, साखर किंचित करपलेली. आमच्यातील अमेरिकन सदस्याने आधीच ‘व्हॅनिला’ लिहून ठेवले होते आणि तो ते बदलायला तयार नव्हता. दोघेही बरोबर होते: ओकमधील लॅक्टोन नारळासारखा गंध देतात, अमेरिकन ओकमध्ये ते युरोपीय ओकपेक्षा बरेच जास्त असतात, आणि व्हॅनिलिनही त्याच फळ्यांतून उतरते. ज्याच्या घरात नारळ रोज फुटतो त्याला पहिले ते सापडते, ज्याच्या घरात केक भाजला जातो त्याला दुसरे. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांच्या शब्दांना हरकत घेणे सोडले आणि प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरातील नाव सांगावे असे ठरले, अट एवढीच की कारण जोडता आले पाहिजे.

यीस्टचे श्रेय बहुतेक चाखणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसते. ते कळण्यासाठी लॉरेन्सबर्ग येथील फोर रोझेस डिस्टिलरीसारखी दुसरी शाळा नाही. तिथे धान्याची दोन मिश्रणे आहेत, एकात 20 टक्के राय आणि दुसऱ्यात 35 टक्के, आणि प्रत्येक मिश्रण पाच वेगवेगळ्या यीस्टनी आंबवले जाते. अशा दहा पाककृती स्वतंत्रपणे मुरवल्या जातात. प्रत्येकीला चार अक्षरांचे नाव आहे, त्यातले दुसरे अक्षर धान्य सांगते आणि चौथे यीस्ट. त्यांच्या नेहमीच्या सिंगल बॅरलची, म्हणजे एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीची, पाककृती ओ-बी-एस-व्ही आहे, म्हणजे जास्त रायचे मिश्रण आणि नाजूक फळांचा स्वाद देणारे ‘व्ही’ यीस्ट. ‘क्यू’ यीस्ट फुलांकडे झुकते, ‘एफ’ वनस्पतींच्या पाल्याकडे, ‘के’ किंचित मसाल्याकडे. दुकानांनी निवडून घेतलेल्या खास पिंपांच्या बाटल्यांवर ही अक्षरे छापलेली असतात, त्यामुळे धान्य तेच आणि यीस्ट निराळे अशा दोन बाटल्या जमवता येतात. अशी जोडी आम्ही एकदा कागदात गुंडाळून ठेवली होती. ‘क्यू’च्या पेल्याविषयी कोणी गुलकंद म्हणाले, कोणी अत्तराची कुपी उघडल्यासारखे म्हणाले, आणि एकाला ती चव अजिबात रुचली नाही. दोन्ही पेल्यांत 35 टक्के रायच होती हे कोणालाही ओळखता आले नाही.

याच विषयातील दुसरे उदाहरण ओल्ड फॉरेस्टरचे. जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी 1870 साली लुईव्हिलमध्ये सुरू केलेली ही व्हिस्की केवळ बंद बाटलीतून विकली जाणारी पहिली बर्बन म्हणून प्रसिद्ध आहे. ती प्यायल्यावर पिकलेले केळे आठवणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्याच कंपनीच्या जॅक डॅनियल्समध्येही अनेकांना केळेच सापडते. केळ्याचा गंध ज्या एस्टरमुळे येतो ते आयसोअमाइल ॲसिटेट आंबवण्याच्या काळात यीस्टच तयार करते, तेव्हा या नोंदीला आधार आहे. जिम बीम आणि नॉब क्रीक यांच्यात भाजलेल्या शेंगदाण्याची चव येते. माझ्या जिभेला ती स्पष्ट चिक्की वाटते. बीम घराण्याने अमेरिकेतील दारूबंदी उठल्यापासून जपलेल्या यीस्टकडे तिचे श्रेय देण्याची पद्धत आहे. आमच्यातील एक जण ते मान्य करत नाही, त्याला ती चव लाकडाची वाटते, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

गोदामाचे काम सावकाश चालते. केंटकीतील बहुमजली गोदामांत, ज्यांना इथे रिकहाउस म्हणतात, वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात प्रचंड उकाडा असतो. व्हिस्की फुगून लाकडात शिरते, थंडीत आकसून बाहेर येते, आणि पिंपातून अल्कोहोलपेक्षा पाणी अधिक वेगाने उडाल्यामुळे वरच्या मजल्यावरील व्हिस्की वर्षांगणिक कडक होत जाते. स्कॉटलंडच्या दमट, थंड हवेत याच्या उलट घडते. मेकर्स मार्क आपली पिंपे मजल्यांमध्ये फिरवते, फोर रोझेसने एकमजली गोदामेच पसंत केली, ब्लँटन्स ही बर्बन ज्या ‘एच’ नावाच्या गोदामातून येते त्याच्या भिंती पत्र्याच्या असल्याने ते लवकर तापते आणि लवकर निवते. याच कारणाने वयाचा आकडा पाहून चवीचा अंदाज करणे मला धोक्याचे वाटते. खालच्या मजल्यावर बारा वर्षे शांतपणे मुरलेली बर्बन वरच्या मजल्यावरच्या आठ वर्षांच्या बर्बनपेक्षा कोवळी लागू शकते, आणि पंधरा वर्षांनंतर तर पुष्कळदा लाकडाचा तुरटपणाच हाती लागतो.

कायद्याने बर्बनसाठी पिंप एकदाच वापरता येत असल्याने रिकामी झालेली पिंपे जगभर जातात, बहुतेक स्कॉटलंडला आणि काही आपल्या गोव्यालाही. कुंकळ्ळी येथे बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट मुख्यतः बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. तिच्यात केंटकीची सावली शोधावी म्हणून आम्ही ती बर्बनच्या रांगेत मुद्दाम ठेवली. बार्लीचा बिस्किटासारखा खमंगपणा पुढे आला, व्हॅनिला आणि खोबरे मागे राहिले, पण होते. गोव्याच्या उष्ण हवेत दरवर्षी उडून जाणारा भाग केंटकीपेक्षाही कितीतरी अधिक असल्याने ती थोड्या वर्षांतच भरदार होते. ज्या सॅझरॅक कंपनीकडे बफेलो ट्रेस डिस्टिलरी आहे, तिनेच पॉल जॉन बनवणाऱ्या जॉन डिस्टिलरीजमध्ये मोठी भागीदारी घेतली आहे, हे कळल्यावर मालवणच्या मित्राला जो आनंद झाला तो गोव्यातील भागधारकांनाही झाला नसेल.

चाखण्याच्या पद्धतीबद्दल थोडेच सांगतो. पेला ट्युलिपच्या आकाराचा, वर निमुळता असावा. नाक खोल खुपसू नये आणि वास घेताना ओठ किंचित उघडे ठेवावेत, म्हणजे अल्कोहोल नाकाला झोंबत नाही. पहिला घोट फक्त तोंडाला सवय लावण्यापुरता असतो, त्यावर मत देऊ नये. पाणी घालण्याला कमीपणा मानणाऱ्यांसाठी 2017 साली स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी केलेला अभ्यास उपयोगी आहे. संगणकावरील त्यांच्या प्रतिरूपात असे दिसले की अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकॉल हे धुरकट गंधाचे द्रव्य पृष्ठभागाजवळ राहते, आणि 59 टक्क्यांच्या वर ते अल्कोहोलच्या रेणूंनी वेढले जाऊन आत दबते. बुकर्ससारखी पिंपातून सरळ बाटलीत आलेली व्हिस्की आधी जशी आहे तशी आणि मग थेंबाथेंबाने पाणी घालत चाखली, तर दोन निरनिराळ्या नोंदी होतात, आणि दोन्ही लिहिण्याजोग्या असतात.

बाटल्या झाकण्याचा नियम मात्र आम्ही कधी सोडत नाही. व्हॅन विंकल या दुर्मिळ, महागड्या बर्बनची बाटली टेबलावर उघडी ठेवली की माणसे आवाज खाली आणतात आणि चवीत मध, सुके अंजीर, जुनी पुस्तके असे सगळे सापडू लागते. वेलर ही बर्बनही व्हॅन विंकलप्रमाणे बफेलो ट्रेसमध्ये, गव्हाच्या त्याच मिश्रणातून बनते, ती मात्र ‘रोजची’ ठरते. वय आणि पिंपांची निवड यांमुळे दोन्हींत फरक आहेच, पण किमतीत जेवढा आहे तेवढा पेल्यात मला सापडलेला नाही.

गुणांकनाचे आकडेही आमच्या वहीत नसतात. त्याचे कारण हेवन हिल डिस्टिलरीच्या दोन बाटल्यांवरून सांगता येईल. इव्हान विल्यम्सची पांढऱ्या लेबलची बाटली आणि दहा वर्षांची हेन्री मॅकेना या दोन्ही ‘बॉटल्ड इन बाँड’ आहेत. 1897 च्या कायद्यानुसार अशी व्हिस्की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामात गाळलेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि बरोबर 50 टक्के अल्कोहोलची असते. या दोन्हींचे धान्य एक, कडकपणा एक. फरक वयाचा आणि मॅकेना एकाच पिंपातून भरली जाते याचा. इव्हान विल्यम्स बाटलीगणिक जवळपास सारखीच लागते: पॉपकॉर्न, व्हॅनिला, थोडी सालीची कडवट धार. मॅकेनाच्या आमच्याकडील नोंदी एकमेकींशी जुळतच नाहीत. एका बाटलीत चेरी आणि पुदिना आहे, दुसरीत ओलसर लाकूड आणि सुंठ, तिसरी चांगली पण पातळ. 2019 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मद्यस्पर्धेत मॅकेना सर्वोत्तम व्हिस्की ठरली आणि त्यानंतर ती दुकानातून दिसेनाशी झाली, दिसली तर चढ्या भावाने. परीक्षकांनी जे पिंप चाखले ते केव्हाच संपले आहे, आणि आज मिळणारी बाटली दुसऱ्याच पिंपातून, कदाचित दुसऱ्याच मजल्यावरून आलेली आहे.